पाव तरंगतो

पेणच्या एस.टी. स्टँडबाहेर भांबुर्डीचा पाला विकायला आला की माझं डोकं फिरतं. दोष पाल्याचा नाही. तो बिचारा कुठल्यातरी बांधावर उगवतो, जुड्या होऊन टोपलीत बसतो, शेजारी वालाच्या शेंगांचे ढीग, आणि बायका ओरडत असतात, "पोपटीला पाला घ्या गो, ताजा पाला!" त्या उग्र वासानं आख्खं पेण खूश होतं. लोकांना थंडी आठवते, शेतातला जाळ आठवतो, मडक्यात भाजलेल्या शेंगा आणि अंडी आठवतात. मला दत्तूनाना आठवतो. आणि दत्तूनाना आठवला की माझी मूठ आपोआप वळते, हातात पिशवी असली तरी.

तीस वर्षं होत आली. ख्रिस्ती बाईनं इतकी वर्षं राग धरू नये, हे मला कुणी शिकवायला नको. दर रविवारी मी क्षमेची प्रार्थना म्हणते आणि दर रविवारी नेमक्या त्याच जागी माझी जीभ अडखळते. कुणामुळे अडखळते ते देवाला पक्कं ठाऊक आहे. त्यानं आजवर मला काही विचारलेलं नाही, म्हणून मीही सांगितलेलं नाही.

नव्वदीतली ती थंडी. मी आठवीत होते. पप्पा धाटावला एका कंपनीत फिटर होते. आम्ही मूळचे नगरकडचे, नोकरीमागं इकडं आलेलो. निडी स्टेशनापासून वीस मिनिटं चाललं की दत्तूनानाचं घर लागायचं, आणि त्याच्या परसात, विहिरीच्या पलीकडं, आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. माझं नाव रूथ. नानाच्या बायकोला, काकीला, ते काही केल्या जमेना. ती म्हणायची रुत. "रुत म्हंजे पावसाची का थंडीची गो?" असं विचारून स्वतःच हसायची. पुढं सगळी आळी मला रुत म्हणू लागली. मला ते आवडायचं, हे कबूल करते. त्या आळीतली मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट, आणि दुसऱ्या पोपट्या. बाकी सगळं खड्ड्यात गेलं तरी माझी हरकत नव्हती.

आमच्या खोलीच्या चौकटीवर उजव्या हाताला तिरका डाग होता, दोन खिळ्यांचा, धर्मवचनाची डबी ठोकलेली असायची तिथला. पूर्वी तिथं शनवार तेल्यांचं घर राहायचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आपल्यासारखंच मराठी बोलणारे ज्यू. ते केव्हाच इस्रायलला निघून गेले होते. नाना त्यांच्याबद्दल बोलताना अगदी हळवा व्हायचा. "देवमानसं व्हती. तेंचा धरम तेंनी कदी सोडला नाय." हे म्हणताना तो तिरक्या नजरेनं पप्पांकडं बघायचा. मला त्या वयातही कळायचं की बाण कुठं आहे. शनवार तेली जन्माचे वेगळे, म्हणून चालायचे. आम्ही झालेले वेगळे. आमच्यासाठी एक खास शब्द होता, बाटगे. आता मी शाळेत मराठी शिकवते. मुलांना क्रियापदं चालवायला सांगते, पण 'बाटणे' हे क्रियापद मी आजवर फळ्यावर लिहिलेलं नाही.

नाना दुष्ट नव्हता, असं आई म्हणायची. आजारपणात धावून यायचा, वालाची पहिली मूठ आम्हाला द्यायचा. असेल बाई. पण तो आमच्या घरी कधी पाणी प्यायला नाही. उंबऱ्याशी यायचा, चौकटीला टेकून तासभर गप्पा हाणायचा. आई तांब्या-भांडं घेऊन पुढं झाली की हात हलवायचा, "आत्ताच पिऊन आलोय गो वैनी." सकाळी, दुपारी, भर उन्हात शेतावरून थेट आला असला तरी, आत्ताच पिऊन आलोय. मी मनात म्हणायचे, मेल्या, तुझ्याच विहिरीचं पाणी आहे ते! आमच्या हंड्यात आलं की त्याला काय शिंगं फुटतात?

तर पोपटी. नाताळ होऊन आठवडा झाला असेल. तिन्हीसांजेला नानाच्या शेतात आळीतले सगळे जमले होते, कंपनीतले दोघंतिघंही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, पुन्हा पाला दाबून तोंड बंद, मग मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या. जाळ झाला की नाना पाण्याचा हात मडक्यावर मारायचा. चुर्र वाजलं की म्हणायचा, "झाली!" त्या आवाजावरून त्याला आतलं सगळं कळायचं. पाण्याचा एक थेंब आत न घालता शेंगा वाफेवर शिजतात, ही त्याच्या अभिमानाची गोष्ट. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, बोटं भाजत सोलल्या, सगळे खूश. आणि तेवढ्यात नानाला हुक्की आली.

"फिटर, येक इचारू? राग नाय ना येनार?"

राग नाही ना येणार म्हणून जो विचारतो, त्याला राग आणायचाच असतो. मी शेंग सोलायची थांबले.

"तुमच्या गावच्या हिरीत पाव टाकला व्हता का किरिस्तावांनी? का तुमचं आजं सोताच पावाच्या मागं गेलं?"

सगळे हसले. ही आमच्याकडची जुनी गोष्ट. परके येऊन विहिरीत पाव टाकून गेले, गाव नकळत ते पाणी प्यायला आणि एका दिवसात बाटला. शाळेतही पोरं मला पाववाली म्हणायची. मी पप्पांकडं पाहिलं. म्हटलं, आता बोला. आता याला असं सुनवा की याच्या सात पिढ्या पोपटी विसरतील.

पप्पांनी तोंडातला दाणा चावून गिळला. "पाव नाही, नाना. भाकरी. ज्वारीची."

हशा दुप्पट झाला. पप्पाही हसले. मग शांतपणे सांगू लागले, "दुष्काळ पडला होता. मिशनचं तळं खोदायचं काम निघालं होतं, तिथं आजोबा गेले. रोज भाकरी मिळायची. भाकरीसाठी गेले हे खरंय. खोटं कशाला सांगू?"

"बघा! कबूल केलंन!" नानानं मांडीवर थाप मारली.

"पण दुष्काळ दोन वर्षांत सरला. आजोबा त्यानंतर चाळीस वर्षं जगले. पाऊसपाणी झालं, तरी परत गेले नाहीत. का गेले नाहीत, ते ऐकायचं असेल तर सांगतो."

"नको रं बाबा! आमालाबी बाटवशील!"

"तसं होत नाही नाना. आमच्यात कुणाला फसवून घेता येत नाही. ज्यानं त्यानं स्वतः हो म्हणावं लागतं." एवढं बोलून पप्पांनी समोरच्या शेंगा नानाकडं सरकवल्या. त्यातल्या त्यात भरलेल्या.

जळ्ळं मेलं ते सौजन्य! मला त्या क्षणी नानापेक्षा पप्पांचा राग जास्त आला. भाकरीसाठी गेले म्हणे! कुणी मागितलं होतं एवढं खरं? आजोबांना स्वप्न पडलं, आकाशातून वाणी झाली, असं काहीतरी ठोकून द्यायचं की! घरी येताना मी पाय आपटत पुढं चालले. पप्पा म्हणाले, "रूथ, आपल्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर खरं सांगायचं आणि मानानं सांगायचं. विचारणारा कसाही असो." मी मनात म्हटलं, तुम्ही सांगा मानानं. मी बघते त्याच्याकडं.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. वाल काढणीला आला, परीक्षा जवळ आली, पुस्तक उघडं टाकून मी नानाचे हाल योजत बसे. खाजकुयलीच्या शेंगा त्याच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर चोळाव्या. पोपटीच्या मडक्याला बारीक भोक पाडून ठेवावं. त्याच्या बैलाचं नाव बदलून दत्तू करावं आणि आळीभर हाका माराव्या. सूड काय चवीचा असतो म्हणून सांगू! भूमितीपेक्षा कितीतरी सोपा आणि जागा ठेवणारा. आणि मग एक दिवस रोह्याहून शाळेतून येताना स्टेशनजवळच्या बेकरीत गरम लादी निघाली आणि मला एकदम सुचलं. विहिरीत पाव टाकल्यावर गाव बाटतं ना? मग बाटू दे!

हसू नका. मला ते खरंच वाटत होतं. आमच्या घरात लहानपणापासून उलटंच शिकवलेलं, तरी नानानं आणि शाळेतल्या पोरांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की माझ्याही डोक्यात ती बसली होती. मला डोळ्यांसमोर दिसू लागलं, रविवारी सकाळी नाना आमच्या खोलीत मांडी घालून बसलाय, पेटी वाजतेय आणि तो सगळ्यांत वरच्या पट्टीत आमची भजनं गातोय. आम्ही स्वतः तेच पाणी पितो, हेही लक्षात होतं. पण आम्ही आधीच बाटलेले, आम्हाला काय होणार!

दुपारी तीनला आळी झोपलेली असते. लादीतला एक पाव मी तोडला आणि विहिरीच्या काठावर वाकून सोडला. माझी कल्पना, तो दगडासारखा तळाला जाईल आणि गुपचूप काम करील. पण पाव तरंगतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मजेत पाण्यावर बसून गोल फिरायला लागला. मी खडा मारला. बुडाला आणि वर आला. दुसरा मारला. पुन्हा वर. हळूहळू फुगून चांगला दुप्पट झाला. मी घरात पळाले आणि पांघरूण घेऊन पडून राहिले.

पाच वाजता काकी पाण्याला आली आणि किंचाळली. "अगो बाय! हिरीत पाव कुनी टाकला गो?"

अर्ध्या तासात आळी विहिरीभोवती. आणि नानाचं तोंड मी खिडकीतून पाहिलं. चुन्यासारखं पांढरं. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवर तो दात काढत होता, ती त्याला आतून खरीच वाटत होती, अगदी माझ्यासारखी. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पोटातून उकळी फुटावी तसा आनंद झाला. तो पाच मिनिटं टिकला. कारण मग नाना आमच्या दाराकडं वळून ओरडला, "फसवून घेत नाय म्हनत व्हता ना रं फिटर? समद्यांच्या म्होरं म्हनालास ना? मंग ह्ये काय हाय?"

पप्पा रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पांघरुणातून बाहेर आले. पप्पांना काही विचारावं लागलं नाही.

"दगड मारला असतास नानाला, तरी एक वेळ चाललं असतं," ते म्हणाले. "तू माझा शब्द खोटा पाडलास. आता या आळीत आपण काहीही खरं बोललो, तरी तो पाव तरंगत राहणार." मग त्यांनी डबा बाजूला ठेवला. "चल माझ्याबरोबर."

सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात धरला. "माझ्या मुलीनं टाकला. चूक आमची आहे. नाना, पाव पडून कुणी ख्रिस्ती होत नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. पण विहीर तुमची आहे. तुमच्या मनाला ती चालत नसेल, तर माझ्या मनाला काय वाटतं ते बाजूला. उद्या सकाळी शिफ्ट सुटली की मी येऊन उपसतो. तुम्ही बस म्हणाल, तेव्हा थांबेन."

आणि त्यांनी उपसली. रात्रभर कंपनीत उभा राहिलेला माणूस, सकाळी बसमधून उतरला तो तोंडही न धुता कप्पीशी. ते बालदी ओढायचे, मी दगडी गडग्यापलीकडं नेऊन ओतायचे. आठ वाजले, दहा वाजले. माझे हात सुटले, त्यांनी मला सावलीत बसवलं आणि स्वतःच ओढून स्वतःच ओतायला लागले. नाना ओट्यावर बसून होता. विड्या ओढत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. म्हण ना. एक शब्द आहे. बस. दोन अक्षरं. कुत्र्यालासुद्धा माणूस म्हणतो. दुपार झाली. पप्पांच्या तळहाताची सालं गेली, दोराला लाल डाग लागले. काकी आतून दोनदा दाराशी आली, नवऱ्याकडं बघून आत गेली. नाना बोलला नाही. शेवटी चार वाजता बालदीत नुसता गाळ येऊ लागला, तेव्हा पप्पा थांबले. कुणी म्हणालं म्हणून नाही. उपसायला पाणीच उरलं नव्हतं. त्यांनी नानाला नमस्कार केला आणि घरी येऊन पडले. संध्याकाळी पुन्हा डबा घेऊन शिफ्टला गेले.

त्या दिवसापासून मी नानाला सोडलेलं नाही. विहिरीत एका रात्रीत पाणी आलं, स्वच्छ. पाववाली म्हणणं बंद झालं. नाना चौकटीला टेकायला यायचाही बंद झाला. गडग्यापलीकडं ओतलेल्या त्या बाटलेल्या पाण्यावर नानाच्या वाफ्यातला लाल माठ असा काही तरारला की विचारू नका! नानाच्या घरानं तो आठवडाभर भाजी करून खाल्ला. मी गडग्याशी उभी राहून बघत असे आणि मनात म्हणत असे, गिळ मेल्या, गिळ. वर्षभरानं आम्ही पेणला आलो. निघताना पप्पा नानाच्या ओट्यावर निरोप घ्यायला गेले. नाना शेतावर गेला होता म्हणे.

पप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. जायच्या आदल्या पावसाळ्यात मी त्यांना विचारलं होतं की पणजोबा परत का गेले नाहीत. त्यांनी सांगितलं. नानाला जे ऐकायचं नव्हतं, ते मला इतक्या उशिरा कळलं. ऐकलं आणि माझा राग निवायचा तो आणखी पेटला.

आणि गेल्या आठवड्यात, पाल्याच्या टोपल्यांच्या पलीकडं, रोह्याच्या बसची वाट बघत नाना बाकावर बसलेला. डोळ्यांना ऑपरेशनचा काळा चष्मा, दात गेलेले, हातात औषधांची पिशवी. मी समोर जाऊन उभी राहिले. "कोन गो तू?" "रुत," मी म्हटलं. "फिटरची पोर?" बसला दीड तास होता आणि माझं घर स्टँडच्या मागंच. "घरी चला," मी म्हटलं. वाटेत बेकरीतून आख्खी लादी घेतली. मुद्दाम. तीस वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते.

बशीत दोन पाव आणि पेल्यात चहा त्याच्यापुढं ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसले. नानानं चष्मा काढून पावाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग पाव चहात बुडवला आणि हळूहळू, हिरड्यांनी, सगळा खाल्ला. दुसराही खाल्ला. माझ्या सुडाची चव गेली.

"तुजा बाप त्या दिशी मला येक शब्द बोलला नाय गो," तो म्हणाला. "शिव्या दिल्या असत्यान तर मी मोकळा झालो असतो. बस म्हनायचं तोंडावर येत व्हतं, पन इतका वेळ बसून ऱ्हायलो, मंग म्हनायची लाज वाटाया लागली. जितका उशीर, तितकी लाज." थोडा वेळ तो भिंतीवरच्या पप्पांच्या फोटोकडं बघत राहिला. "फिटर सांगतो म्हनाला व्हता. तेचा आजा पाऊस आल्यावर परत का नाय गेला? मी ऐकलं नाय. तुला म्हाईत हाय?"

मला गप्प बसता आलं असतं. नको रे बाबा, बाटशील, असंही म्हणता आलं असतं. जिभेवर होतं. पण फोटोतून पप्पा बघत होते. खरं सांगायचं आणि मानानं सांगायचं.

"नाना, त्यांच्या गावच्या विहिरीला त्यांनी हात लावला असता तर लोकांनी विहीर बाटली म्हणून उपसून टाकली असती," मी म्हटलं. "तळ्याच्या कामावर पहिल्याच दिवशी ते ओंजळ भरून पाणी प्यायले. ते तळं कुणी उपसलं नाही. पुढं प्रार्थनेत ऐकलं की आमच्या प्रभूनं विहिरीवर बसून, जिच्या हातचं त्याच्या लोकांतलं कुणी पीत नव्हतं अशा बाईकडं पाणी मागितलं. म्हणून ते राहिले. भाकरीसाठी गेले आणि पाण्यासाठी राहिले."

 ज्या माणसाच्या आजोबांचा हात लागला की विहिरी उपसल्या जात, त्याच माणसाकडून नानानं आपली विहीर तळाच्या गाळापर्यंत उपसून घेतली होती, हे त्याला कळलं. कळताना मी पाहिलं. ह्याचसाठी जगले होते मी. आणि सांगते, बरं वाटलं. आजही वाटतं.

मग त्यानं रिकामा पेला माझ्यापुढं धरला.  "जरा पानी दे गो, रुत."

मी आतून तांब्या भरून आणला आणि ओतायला लागले. पेला अर्धा झाला, भरला, काठाला आला. मी ओततच राहिले. पाणी त्याच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून धोतरावर सांडू लागलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"बस," नाना म्हणाला. "बस गो बाय. बस."

मी थांबले. नानानं दोन्ही हातांनी पेला धरला आणि एका दमात पाणी पिऊन टाकलं.